२० मार्च १९८३च्या अलीकडे-पलीकडे

भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, आजार तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, मज्जा देणारे तिचेच भावंड आणि उपचार करणारे डॉ. सुरेश हरिराम अडवाणी, जे स्वतः चाकांच्या खुर्चीतून वॉर्डात फिरत. डॉ. अडवाणींवरच्या बहुतेक लेखांत एवढे येते. पुढे पद्मश्री (२००२) आणि पद्मभूषण (२०१२) यांचा उल्लेख होतो आणि लेख संपतो. चाकांची खुर्ची आणि ‘पहिले’ हा शब्द, बातमीला एवढे पुरते.

मला त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे काय होते ते मांडायचे आहे. गेली काही वर्षे या विषयावरचे जुने शोधनिबंध मिळतील तसे मी वाचत आलो. माझे वैद्यकीय शिक्षण नाही. शब्दकोश जवळ ठेवून आणि ओळखीच्या डॉक्टरांना विचारत विचारत वाचन झाले. त्यातून माझे असे मत बनले की डॉ. अडवाणींच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम ते रोपण नव्हे. ते काम ‘एमसीपी-८४१’ अशा रूक्ष नावाच्या एका उपचारक्रमाचे आहे. त्याविषयी मराठीत मला चार ओळीही वाचायला मिळालेल्या नाहीत.

पण सुरुवात मागून करावी लागेल, आणि गंमत म्हणजे तीही परळमधूनच.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायका गर्भारपणी पांढऱ्याफटक पडत, अंगातले रक्त इतके उतरे की पुष्कळजणी दगावत. याचे कारण शोधण्याचे काम विल्सबाईंकडे होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी प्रयोग केले, बायकांच्या आहाराच्या नोंदी ठेवल्या आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइटने, हा पंडुरोग बरा होतो असे दाखवले. त्यांचा निबंध १९३१च्या जून महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्या अर्कातल्या अज्ञात द्रव्याला बरीच वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. आज त्याला आपण फॉलिक अ‍ॅसिड म्हणतो. आशाताई गर्भवतींना ज्या गोळ्या वाटतात त्यांत लोहाबरोबर तेच असते.

फॉलिक अ‍ॅसिडशिवाय नव्या पेशी तयार होत नाहीत. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना असे दिसले की ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची द्रव्ये दिली की आजार उलट जोर धरतो. मग त्याच्या उलटे द्रव्य दिले तर? असे द्रव्य लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले, आणि त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. डिसेंबर १९४७ मध्ये फार्बर यांनी अमिनोप्टेरिन वापरायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील दहाजणांना उतार पडला होता. उतार काही महिनेच टिकला, पण औषधाने मुलांमधला तीव्र ल्युकेमिया मागे हटतो हे जगाने पहिल्यांदा पाहिले. परळच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयापासून निघालेला धागा असा बोस्टनपर्यंत जातो. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट, त्याच्याकडे पुढे वळायचेच आहे.

ज्या जून १९३१ मध्ये विल्सबाईंचा निबंध छापला गेला, त्याच महिन्यात लेडी मेहेरबाई टाटा यांचे वेल्समधील एका शुश्रूषागृहात निधन झाले. आजार ल्युकेमिया. जमशेदजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्या त्या पत्नी आणि होमी भाभांच्या आत्या. त्यांच्या अंगावर शोभणारा ज्युबिली हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा होता. १९२४च्या मंदीत टाटांची पोलाद कंपनी वाचवण्यासाठी तो बँकेकडे तारण गेला होता. हिऱ्याने कारखाना वाचला, पण मेहेरबाईंच्या आजारावर तेव्हा जगात कुठेच औषध नव्हते. दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने विश्वस्त निधी काढला आणि त्याचा मोठा भाग कोणत्याही देशातल्या ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी राखून ठेवला. दोन महिन्यांनी तेही गेले. त्यांच्या न्यासाने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. खेड्यातला माणूस ‘टाटाला नेलं’ म्हणतो तेव्हा त्या दोन शब्दांतच आजाराचे नाव आलेले असते. त्या नावामागे मुळात रक्ताच्याच कर्करोगाने गेलेली एक बाई आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मराठी माणसांची कामगिरीही याच परिसरातली. रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघाले, त्याचेही ते पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली आणि ल्युकेमियासह इतर कर्करोगांवर प्राण्यांमध्ये अभ्यास केला. (निवृत्तीनंतर याच बाई अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करायला राजूरकडे गेल्या. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.) त्याच १९५२ साली शेजारच्या केईएमच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगासमोर आणला. एकाचे रक्त दुसऱ्याला का चालत नाही, या प्रश्नाशी परळची ओळख जुनी होती.

१९६२ मध्ये टाटा रुग्णालय केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे गेले. रुग्णालय आणि अणुऊर्जा खाते ही जोडी ऐकायला चमत्कारिक वाटते. मज्जारोपणाचा इतिहास पाहिला म्हणजे ती तितकीशी चमत्कारिक राहत नाही.

आपल्याकडच्या सप्तधातूंत मज्जेचे स्थान सहावे. पण रक्त मज्जेत तयार होते हे कळायला १८६८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीत नॉयमान आणि इटलीत बिझोझेरो यांनी वेगवेगळे ते दाखवले. मज्जेचे महत्त्व खऱ्या अर्थाने पटले ते हिरोशिमानंतर. स्फोटातून वाचलेली माणसे काही आठवड्यांनी रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने मरत होती, कारण किरणोत्सर्गाने त्यांची मज्जा करपली होती. पुढची काही वर्षे अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाले. मरणप्राय किरणे दिलेला उंदीर दुसऱ्याची मज्जा टोचली तर जगतो असे दिसले. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील विन्चा येथे अणुभट्टीचा अपघात होऊन सहाजण सापडले. त्यांना पॅरिसला नेण्यात आले आणि पाचजणांना जॉर्ज माथे यांनी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली.

यातून एक उलटा विचार पुढे आला. किरणे मज्जा जाळतात, मग आजारी मज्जा मुद्दाम जाळून टाकली आणि जागी निरोगी मज्जा भरली तर? न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी डोनॉल थॉमस हे डॉक्टर त्याच्यामागे लागले. १९५७ मध्ये त्यांनी सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सहाही रुग्ण शंभर दिवसांत गेले. साठच्या दशकात जगभरच्या बऱ्याच जणांनी हा नाद सोडला. थॉमस कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले आणि १९६३ मध्ये सिएटलला गेले. पत्नी डॉटी सावलीसारख्या बरोबर, प्रयोगशाळेपासून निबंधांच्या संपादनापर्यंत. दरम्यान जाँ दोसे यांच्या कामामुळे पांढऱ्या पेशींचेही ‘गट’ असतात हे कळले होते. १९६८ मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा देऊन वाचवले. १९७७ मध्ये थॉमस यांच्या गटाने शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. सगळे उपाय थकलेल्या त्या शंभरातून तेरा जण आजारमुक्त होते. तेरा हा आकडा आज लहान वाटेल, पण आधीचा आकडा शून्य होता. १९७९ मध्ये त्यांनी दाखवले की रुग्ण अगदी शेवटाला टेकेपर्यंत थांबले नाही, पहिल्या उतारातच रोपण केले, तर निम्म्याहून अधिक जगतात. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळाले.

डॉ. अडवाणी हे काम शिकले ते याच सिएटलमध्ये, थॉमस यांच्या संस्थेत.

डॉ. अडवाणींचा जन्म १ ऑगस्ट १९४७चा, कराचीचा. फाळणीला दोन आठवडे बाकी होते. सिंधी निर्वासितांचे कुटुंब महाराष्ट्रात आले. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने अपंगत्वाच्या कारणावरून त्यांना आधी प्रवेश नाकारला. मंत्र्यांपर्यंत दाद मागितल्यावर तो मिळाला, आणि एम.बी.बी.एस. व एम.डी. दोन्ही त्याच कॉलेजातून झाले. हा प्रसंग सगळीकडे प्रेरणादायी म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरेच दिसते. त्या काळात रक्ताच्या कर्करोगाकडे वळायला फारसे कोणी तयार नसे. सर्जनला गाठ काढता येते, रेडिओथेरपीवाल्याला ती जाळता येते. रक्तात गाठ नसते, कापायला आणि जाळायला जागाच नसते. उरतात फक्त औषधे, आणि ती तेव्हा मोजकीच होती. खुर्चीत बसून करता येण्यासारखे आणि इतरांनी जवळजवळ सोडून दिलेले असे हे क्षेत्र होते. टाटा रुग्णालयातला मेडिकल ऑन्कॉलॉजी विभाग वाढत गेला तो अशा माणसांच्या जोरावर. डॉ. अडवाणी पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले.

‘रोपण’ या शब्दाने गैरसमज होतो. कापाकापी काहीच नसते. आधी रुग्णाला जबर मात्रेत औषधे किंवा सर्वांगाला किरणे देतात, त्यात त्याची स्वतःची मज्जा संपते. दात्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडात जाड सुई पुन्हा पुन्हा टोचून मज्जा ओढून घेतात. ती गाळून सलाइनसारखी बाटलीतून रुग्णाच्या शिरेत सोडतात. त्या पेशींना हाडांची वाट कोणी दाखवत नाही, त्या आपल्या आपण हाडांत जाऊन वस्ती करतात. यानंतरचे दोन-तीन आठवडे खरे जिवावरचे. रुग्णाच्या अंगात जुनी फौज उरलेली नसते आणि नवी तयार झालेली नसते. साधी बुरशी, साधा जंतू माणूस नेतो. आणि हे पार पडले तरी नव्या पेशी त्या शरीरालाच परके समजून त्याच्यावर उठू शकतात. पाहुण्याने घरमालकाला मारावे तसा प्रकार. म्हणून जुळणारा दाता लागतो. १९८३ मध्ये जुळणारा दाता म्हणजे सख्खे भावंड, एवढाच अर्थ होता.

परळमध्ये त्या वेळी हे करून दाखवणे म्हणजे काय होते याची कल्पना आज येणे अवघड आहे. हवा गाळणारी खोली, जंतूविरहित जेवण, वेळेवर प्लेटलेट, रक्तातल्या पेशींची रोजची मोजणी, यांतले काहीही एक दिवस चुकले तरी संपले. डॉक्टरइतकीच ती परिचारिकांची, रक्तपेढीची आणि प्रयोगशाळेची परीक्षा होती. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने थॅलेसेमियासाठी रोपण सुरू केले आणि देशात हे शास्त्र रुजले. १९८३चे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू मुळीच नाही.

पण हिशेब करून पाहावा असे मला वाटले. एका भावंडाशी मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. दोन भावंडे असतील तर किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि पाच असतील तर ७६. १९८३ साली हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडायचा होता. इथल्या घरांत तेव्हा पाच-सहा भावंडे हे सर्रास दृश्य. म्हणजे दाता घरातच मिळण्याची शक्यता भरपूर. पण मुंबईला जायचे तर मीटरगेजच्या गाडीने पूर्णा, परभणी करीत मनमाड गाठायचे, तिथे मोठ्या गाडीत बसायचे, आणि मुंबईत महिनोन्महिने काढायचे. शेत गहाण टाकूनही ते जमण्यासारखे नव्हते. आज महात्मा फुले योजनेसारखी सोय आहे, धर्मादाय निधी आहेत, रस्ते आहेत, रेल्वे रुंद झाली आहे, आणि घरात भावंड एक, फार तर दोन. पैसा नव्हता तेव्हा दाते होते, पैशाची थोडी सोय झाली तेव्हा दाते आटले. अर्धी जुळणारी मज्जाही वापरता येण्याची युक्ती गेल्या काही वर्षांत निघाली नसती, तर छोट्या कुटुंबांचे अवघड होते.

मात्र रोपणाची वेळच येऊ नये अशा रुग्णांचे काय? रक्ताच्या कर्करोगांत मुलांना सर्वाधिक होतो तो तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. नुसत्या औषधांनी बरा होऊ शकतो असाही हाच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत यातली निम्म्याहून अधिक मुले जगत होती. भारतातल्या मोठ्या, नावाजलेल्या केंद्रांत हे प्रमाण पाचात एक एवढेच होते. औषधे बहुतेक तीच होती. फरक कुठे होता? औषध कोणत्या क्रमाने, किती, किती काळ द्यायचे याची एकवाक्यता नव्हती. तिकडचा क्रम जसाच्या तसा उचलावा तर इथल्या अशक्त, उशिरा आलेल्या मुलांना तो झेपत नव्हता, आणि त्यातल्या काही औषधांसाठी रक्तातली मात्रा मोजत राहावी लागते, ती सोय नव्हती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले इयान मॅग्राथ, मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईतल्या अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी मिळून १९८४ मध्ये एक सामाईक क्रम आखला. तो एमसीपी-८४१. व्हिन्क्रिस्टीन, डॉनोरुबिसिन, अ‍ॅस्पॅराजिनेज, प्रेडनिसोलोन, पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट, मेंदूला किरणे आणि मग लांबलचक देखभालीच्या फेऱ्या. त्यातली सगळी औषधे ओळखीची होती. नवे होते ते शिस्तीत. तीनही ठिकाणी एकच क्रम, एकच वेळापत्रक, एकच प्रकारची नोंद. रुग्ण कमी धोक्याचा की जास्त, अशी वर्गवारीही करायची नाही. सगळ्यांना एकच उपचार, कारण ती वर्गवारी करण्याच्या तपासण्या सगळीकडे होत नव्हत्या.

या क्रमाने वीस वर्षांत हजाराहून अधिक मुले आणि तरुण रुग्ण हाताळले गेले. टाटा रुग्णालयाचा निकाल अडवाणी, पै, पूर्णा कुरकुरे, श्रीपाद बनावली आदींच्या नावाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही केंद्रांचा एकत्रित निबंध २००५चा. पाचात एक जगत होते ते प्रमाण दुपटीच्या आसपास आणि एका-दोन केंद्रांत त्याहून वर गेले. तोपर्यंत पश्चिमेत दहात आठ मुले वाचू लागली होती, म्हणजे आपण मागेच होतो, आणि निबंधांत ते स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडच्या मुलांत टी-पेशींचा आजार तिकडच्यापेक्षा जास्त आढळतो, ती दवाखान्यात येतात तेव्हा आजार अंगात फार पसरलेला असतो, आणि उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने मरणारी मुले जास्त असतात, हेही त्यांनी लपवले नाही. संशोधकाची खरी ओळख मला अशा कबुलीत पटते. पहिल्या रोपणाने एका मुलीचा जीव वाचला आणि एक दार उघडले. या क्रमाने भारतीय मूल हा आजार झाल्यावर कसे वागते, याची मोजलेली, ताडून पाहता येईल अशी माहिती पहिल्यांदा हाती आली. पुढचे सगळे सुधारित क्रम त्या माहितीवर उभे आहेत.

आता मेथोट्रेक्सेटकडे. माझे हिंगोलीत औषधांचे दुकान आहे आणि या विषयात मी शिरलो तो चिठ्ठ्यांमुळेच. मुंबईहून किंवा औरंगाबादच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून (आता छत्रपती संभाजीनगर) परतलेल्या मुलाच्या देखभालीच्या काळात मुख्य औषधे दोन. ६-मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. पहिले १९५०च्या सुमाराचे, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी बनवलेले. त्यांनाही नोबेल मिळाले, १९८८ मध्ये. दुसरे विल्सबाईंच्या मार्माइटचे दूरचे, उलट्या स्वभावाचे नातलग. दोन्ही स्वस्त आहेत. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले तर तोंड सोलवटते, मज्जा बसते, जीवही जातो. म्हणून मी पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहितो आणि बापाकडून तो वार म्हणवून घेतो. दीड-दोन वर्षे हे चालवायचे असते, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांतच मूल टुणटुणीत दिसायला लागते. केस येतात, शाळेत जाते. सोयाबीनच्या पेरणीला, हळद काढायच्या दिवसांत माणसे मुंबईची फेरी टाळतात. ‘पोरगं बरं झालंय की आता, भाऊ,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल. मूल बरे दिसते, आजार मात्र मज्जेच्या कोपऱ्यात दबा धरून असतो, हे काउंटरवरून समजावणे सोपे नाही.

अर्धवट सोडलेला उपचार हा भारतातल्या बालकर्करोगाचा मोठा मारेकरी. टाटा रुग्णालयात २००९च्या सुमाराला जवळजवळ पाचांतले एक मूल असे निसटत होते. डॉ. बनावली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इम्पॅक्ट’ या निधीच्या मदतीने औषधांबरोबर राहण्याची, जेवणाची, शाळेची सोय लावली. समाजसेवक नेमले. तारीख चुकवणाऱ्या घरी फोन जाऊ लागले. काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. नवे औषध न शोधता जितकी मुले वाचली, तितकी एखाद्या नव्या औषधाने वाचली असती तर त्याची केवढी बातमी झाली असती!

प्रौढांतल्या एका आजाराची गोष्ट याहून ठळक आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ऐंशी-नव्वदच्या दशकांत बरे होण्याची आशा मज्जारोपणातच होती. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि रोज एक गोळी घेऊन माणसे वर्षानुवर्षे कामाला जाऊ लागली. रोपणाची गरज बहुतेकांना उरली नाही. पण नोव्हार्टिसच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या पुढे होता आणि भारतीय कंपन्यांच्या गोळीचा दहा हजारांच्या आत. नोव्हार्टिसला पेटंट मिळू नये म्हणून विरोधात उभी राहिली ती मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात न्यायालयाच्या निकालाला जागा द्यावी की नाही, यावर अभ्यासकांचे काहीही म्हणणे असो, हिंगोलीत बसून पाहणाऱ्याला ती द्यावीच लागते.

टाटांचे मज्जारोपण केंद्र २००७ मध्ये परळहून खारघरला, ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये हलले. तिथेच ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखण्याचे शिक्षण द्यायचे आणि परत अंगात सोडायच्या, असे ते तंत्र. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटांच्या डॉक्टरांनी मिळून ते घडवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातल्या किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात ते मिळते. तो दहावा हिस्साही काही लाखांत मोजला जातो.

त्याच वर्षी हिंगोलीला दोन गोष्टी मिळाल्या. मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढली आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला शंभर जागांची मान्यता आली. गाडी आता मनमाडला बदलावी लागत नाही. मुंबईत उतरल्यावर मात्र मुक्कामाचा प्रश्न येतो. दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, टाटाच्या रुग्णांसाठी चालवलेली. तिथे जागा नसेल तर रुग्णालयासमोरचा फुटपाथ. परळला कधीही गेलात तरी तिथे ताडपत्री, स्टोव्ह आणि फायलीची पिशवी उशाशी घेऊन झोपलेली माणसे दिसतात, आणि त्यांच्यात मराठवाड्याची बोली ऐकू येतेच.